गुलाबाचें रोप : निवड आणि निगा

गुलाब हा शब्द प्रथम फुलाचा वाचक नव्हता. फारसी भाषेंत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ह्या दोहोंवरून गुलाबपाण्यास गुलाब म्हणत, आणि तें पाणी ज्या फुलापासून निघे त्या फुलासहि पुढें आपल्या देशांत तेंच नांव पडलें. ह्या फुलाची हौस ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील घराघरांतून दिसते. अंगण राहिलें नाहीं तरी गॅलरीच्या कठड्यापाशीं गुलाबाची एखादी कुंडी असते. तथापि दोन पावसाळे पाहिलेलें झाड अशा किती घरीं आहे, ह्याचा विद्यार्थ्यांनीं आपल्या आळींत शोध करून पाहावा. रोप मेलें म्हणजे निष्काळजीपणाचा ठपका बहुधा ज्या मुलानें तें हट्टानें आणविलें त्याच्यावरच येतो. माझ्या मतें हा ठपका पुष्कळदां अन्यायाचा असतो. रोप केव्हां घेतलें व काय पाहून घेतलें, ह्या दोन गोष्टींतच त्याच्या आयुष्याचा निकाल बहुतांशीं लागून गेलेला असतो.

पाऊस सुरू झाला कीं झाडें लावावीं, ही समजूत आंबा, फणस, जांभूळ ह्यांच्याविषयीं खरी आहे. गुलाबाविषयीं आपल्या बाजूस ती खरी नाहीं. ठाण्याकडे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पुण्यास सबंध वर्षांत सातशें मिलिमीटरच्या आसपास. गुलाबाच्या मुळांना ओल पाहिजे तशी हवाहि पाहिजे. सतत भिजलेल्या मातींत हवा उरत नाहीं व मुळें कुजतात; इकडे ओल्या पानांवर बुरशीचे काळे ठिपके पडून पानें गळूं लागतात. नव्या रोपास हा दुहेरी मार सोसत नाहीं. पुणें व नाशिककडे गुलाब चांगला येतो ह्याचें एक कारण तेथील कोरडी हवा व थंडी होय. तळेगांव दाभाड्याच्या पॉलिहाउसांत तर पाऊस झाडास शिवतच नाहीं. म्हणून आपण खरेदी नोव्हेंबर महिन्यांत करावी. तेव्हां पाऊस संपलेला असतो, रात्री गार असतात, आणि उन्हाळ्यापूर्वीं मुळें धरण्यास रोपाला तीन-चार महिने मिळतात.

रोप घेतांना लोक फूल पाहतात. फुलावरून रंग व वास कळतो, रोपाची प्रकृति कळत नाहीं. तीन फुलें व सहा कळ्या मिरविणाऱ्या इवल्याशा रोपास घरीं आल्यावर मुळेंहि धरावयाचीं असतात आणि कळ्याहि पोसावयाच्या असतात. दोन्ही ओझीं त्यास झेपत नाहींत. म्हणून नजर प्रथम खोडाच्या बुडाशीं न्यावी.

बागेंतील बहुतेक चांगले गुलाब दोन झाडांचे मिळून एक झालेले असतात. खालचा भाग एखाद्या काटक जातीचा. त्यास माळी खुंट म्हणतात. खुंटाच्या सालींत इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पाडून तींत हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यांतील अंकुर, सालीसकट बसवितात व वरून पट्टी बांधतात. ह्यास डोळा भरणें म्हणतात. डोळा जीव धरून फुटला म्हणजे त्याच्या वरचा खुंट छाटून टाकतात. तेव्हां मुळें एका झाडाचीं आणि फुलें दुसऱ्याचीं, असा हा जोडसंसार आहे. डोळा भरल्या जागीं खोडावर एक गांठ दिसते. ती भरीव व निकोप असावी, काळी पडलेली नसावी. आणि तिच्यापासून निदान दोन, शक्य तर तीन, पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या फांद्या निघालेल्या असाव्या. पानें उलटून पाहण्याचा संकोच करूं नये. मागील बाजूस बारीक जाळें व हलणारे तांबूस ठिपके दिसले तर तो लाल कोळी समजावा व तें रोप परत ठेवावें.

ह्या गांठीचें ज्ञान नसल्यामुळें एक फसगत वारंवार होते. लागवडीनंतर कांहीं महिन्यांनीं बुडांतून एक लांबसडक, तजेलदार फुटवा जोरानें वर येतो आणि सगळें घर आनंदित होतें. वस्तुतः तो गांठीच्या खालून, खुंटांतून आलेला असतो. सगळा रस तो ओढून घेतो, वरच्या कलमी फांद्या हळूहळू वाळतात, आणि जेथें तांबडें भरदार फूल यावयाचें तेथें भलतींच लहान फुलें येतात किंवा मुळींच येत नाहींत. ‘आमचा गुलाब रानटी झाला’ असें मग लोक सांगतात. झाड बदललेलें नसतें. एक मरून दुसरें जगलेलें असतें. सात पानांचा फुटवा रानटी व पांच पानांचा कलमी, असा एक ठोकताळा आहे. त्यावर मी विश्वास ठेवीत नाहीं, कारण कित्येक उत्तम जातींनाहि सात पानें येतात. माती जराशी उकरून फुटवा गांठीच्या वरून निघाला कीं खालून, हें प्रत्यक्ष पाहावें. खालून असेल तर कात्रीनें न कापतां बुडापासून ओढून काढावा. कापला तर राहिलेल्या थुटांतून पुन्हां नवे फुटतात.

जातींविषयीं थोडक्यांत. बटण गुलाब व सुवासिक गुलाबी गावठी गुलाब नवशिक्यास सोपे. एका दांड्यावर एक मोठें फूल येणारे गुलाब बहुतेक हायब्रिड टी वर्गांतले. त्या वर्गांतला पहिला म्हणून गणला जाणारा ‘ला फ्रान्स’ गीयो नामक बागवानानें फ्रान्समध्यें १८६७ सालीं प्रसिद्धीस आणला. युरोपांतील जुने गुलाब बहुधा वर्षांतून एकदांच फुलत. चीनमधील गुलाबांशीं संकर झाल्यावर वारंवार फुलण्याचा गुण त्यांत उतरला. आपल्याकडे भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पियरी पाल ह्यांनीं गव्हावरील संशोधन करीत असतां गुलाबाच्याहि अनेक जाती निर्माण केल्या, ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब त्यांचाच. फुलवाल्याकडील लांब दांड्याचा ‘डच’ गुलाब मात्र नवशिक्यानें कुंडीसाठीं घेऊं नये; आडोशाच्या हवेंत वाढणाऱ्या त्या जातीची आपल्या उघड्या पावसांत दैना होते.

पुष्कळ रोपें दुरून येतात, व त्यांच्या मुळांभोंवतीं चिकण मातीचा गोळा थापलेला असतो. तो वाळला म्हणजे विटेसारखा कठीण होतो. मग कुंडींतील माती ओली आणि आंतील मुळें तहानलेलीं राहतात. यास्तव लावण्यापूर्वीं गोळा पाण्यांत भिजवून बाहेरची माती हळूच सैल करावी. कुंडी निदान बारा इंची, तिचें छिद्र मोकळें. मातींत पूर्ण कुजलेलें शेणखत, थोडी जाड वाळू व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. गांठ मातीच्या वर दोन बोटें राहिली पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांतील कळ्या खुडून टाकाव्या. मुलांना हें जड जाईल, पण त्यामुळें रोपास बळ येतें. रोज सहा तास ऊन ज्या गॅलरींत येत नाहीं तेथें गुलाबाचा नाद सोडून दुसरें कांहीं लावावें, हें स्पष्ट सांगणें बरें. पाणी मातींत बोट खुपसून पाहून, सकाळीं, मुळांशीं घालावें. खाडीलगतच्या बोअरिंगचें पाणी खारट असेल तर तें घालूं नये, पानांच्या कडा करपतात.

पावसाळ्यांत खत बंद ठेवावें, कुंडी पागोळ्यांखालून हलवावी, तिच्या खालची बशी काढून तिला विटांवर ठेवावें, आणि ठिपक्यांचीं पानें वेंचून दूर टाकावीं. फांदी शेंड्याकडून काळी पडत खालीं येऊं लागली तर आंतील गाभा पांढरा लागेपर्यंत ती कापावी व जखमेवर मोरचूद आणि चुन्याचें बोर्डो मलम लावावें. ह्या औषधाची कथा मोठी गमतीची आहे. फ्रान्समधील बोर्डोजवळ रस्त्याकडेचीं द्राक्षें वाटसरूंनीं तोडूं नयेत म्हणून वेलींवर असलें निळसर मिश्रण शिंपडीत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाहीं, हें मिलार्डे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें, आणि त्यानें ह्या औषधाची माहिती १८८५ सालीं प्रसिद्ध केली. मोरचूद विषारी आहे. तें काम पालकांनींच करावें.

छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर करावी. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित् वर धारदार कात्रीनें तिरका काप घ्यावा. छाटल्यापासून फूल उमलण्यास सुमारें सहा ते सात आठवडे लागतात; म्हणजे नाताळास फुलें हवीं तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत कात्री हातीं घ्यावी. नव्या रोपाच्या मात्र पहिल्या वर्षीं वाळक्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपलीकडे कांहीं कापूं नये.