घटक ६ : मूळ चित्रपट आणि उत्तरचित्रपट – ‘झपाटलेला’च्या दोन भागांचा तुलनात्मक अभ्यास

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मूळ चित्रपट व उत्तरचित्रपट यांच्या तुलनेचा निकष सांगता येईल.
• ‘झपाटलेला’ (१९९३) व ‘झपाटलेला २’ (२०१३) यांतील साम्यभेद स्पष्ट करता येतील.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग पाहिल्यावर ‘पहिल्याची सर नाही’ असा शेरा आपण सहज मारतो. तो खराही असू शकेल. पण समीक्षेत शेऱ्याला कारणांची जोड द्यावी लागते. भयपटाच्या दुसऱ्या भागापुढे एक मूलभूत अडचण असते. पहिल्या भागातील गुपित प्रेक्षकाला आता ठाऊक असते. प्रेक्षकाच्या या पूर्वज्ञानाचा उपयोग उत्तरचित्रपट कसा करतो, हा आपल्या तुलनेचा निकष राहील.

६.३ मृतांचे परतणे : दोन प्रकार

‘झोंबी’ ही कल्पना हैती देशातील लोकश्रद्धेतून आली. स्वतःची इच्छा हरवून दुसऱ्याच्या हुकमाने वावरणारा मृतदेह, असे तिचे मूळ रूप होते. अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने (१९६८) तिला माणसे खाणाऱ्या झुंडीचे रूप दिले. तेथे काही माणसे एका एकाकी घरात अडकतात. त्याच मालिकेतील ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) जुने एकही पात्र नाही, पुढे येतात ते केवळ त्या जगाचे नियम. ते प्रेक्षकाला माहीत असल्याने दिग्दर्शक कथा थेट एका मॉलमध्ये नेतो आणि मृत माणसेही जुन्या सवयीने तेथे घुटमळताना दाखवून उपभोगाच्या हव्यासावर बोट ठेवतो. पूर्वज्ञान येथे नव्या आशयाची पायरी बनते.

मराठीत आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) ही झुंड डोंबिवलीत आणली. दोन भागांच्या तुलनेसाठी मात्र महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ अधिक उपयुक्त आहे. झोंबी म्हणजे मन हरवलेला देह. तात्या विंचू म्हणजे देह गमावलेले मन. ‘झपाटणे’ हा आपल्या लोकसमजुतीतील शब्द या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

६.४ पहिला भाग : अविश्वासातून भय

मरणोन्मुख गुंड तात्या विंचू मृत्युंजय मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. ज्याच्यापुढे त्याने आपले गुपित प्रथम उघड केले, त्याच्याच देहात त्याला पुन्हा जाता येते. तो माणूस म्हणजे बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे). बाहुल्यांना बोलते करण्याची हौस असणाऱ्याने ‘बाहुला आपण होऊन बोलतो’ असे सांगितले, तर कोण विश्वास ठेवणार? या प्रश्नातून एकाच वेळी हसू आणि भीती निर्माण होते. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज यांमुळे तात्या खरा वाटतो. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाशी कथेचे साम्य उघड आहे. परंतु लक्ष्याची केविलवाणी धडपड अस्सल मराठी आहे.

६.५ दुसरा भाग : वारसा आणि उणीव

बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. त्यामुळे उत्तरचित्रपटात तात्याचा रोख लक्ष्याच्या मुलाकडे, आदित्यकडे वळतो. ही भूमिका कोठारे यांचे पुत्र आदिनाथ यांनी केली आहे. अभिनेत्याच्या मृत्यूने निर्माण झालेली पोकळी कथेचेच कारण बनवणे, ही या भागाची सर्वांत अर्थपूर्ण कल्पना होय. मात्र बाहुल्याचे गुपित आता सर्वज्ञात असल्याने अविश्वासातून येणारे भय ओसरते. त्याची जागा त्रिमितीय तंत्र आणि मकरंद अनासपुरे यांचा विनोद भरून काढू पाहतात.

६.६ जत्रेतील प्रेक्षक : एक तुलना

कथा ठाऊक असणे म्हणजे रस संपणे नव्हे. घोड नदीकाठचे शिरूर किंवा भीमाकाठचे दौंड या परिसरात वाढलेल्यांना जत्रेतील तमाशाचा अनुभव असेल, तर हे सहज पटेल. वगाची गोष्ट प्रेक्षकांना पाठ असते. तरीही ते रात्र जागवतात. सोंगाड्याची हजरजबाबी त्याच गोष्टीला दर खेपेस नवेपणा देते. पहिल्या ‘झपाटलेला’त बेर्डे यांचे स्थान काहीसे या सोंगाड्यासारखे आहे. तंत्राने बाहुला पडद्याबाहेर आल्याचा भास होतो, पण घाबरलेल्या माणसाची ती लगबग तंत्राला निर्माण करता येत नाही. दुसरा भाग उणा वाटतो तो मुख्यतः या कारणाने; केवळ तो दुसरा आहे म्हणून नव्हे.

६.७ सारांश

रोमेरो यांनी पात्रे सोडून नियम पुढे नेले, तर कोठारे यांनी खलनायक आणि नाते पुढे नेले. पहिल्या मार्गात नव्या आशयाला वाव मिळतो. दुसऱ्यात प्रेक्षकांच्या आठवणींचा आधार मिळतो, पण त्या आठवणींशीच सतत तुलनाही होते. म्हणून उत्तरचित्रपटाचे मूल्यमापन करताना त्याने काय राखले, काय बदलले आणि काय गमावले, या तिन्ही बाजू पाहाव्यात.

६.८ स्वाध्याय

१. ‘प्रेक्षकाचे पूर्वज्ञान’ ही संकल्पना दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘झपाटलेला २’मधील वारशाच्या कल्पनेचे मूल्यमापन करा.
३. आपल्या घरातील दोन पिढ्यांच्या व्यक्तींना या दोन चित्रपटांविषयी विचारा. त्यांच्या मतांतील फरकाची कारणे १५० शब्दांत लिहा.