उताराला गाडी गिअरमध्येच ठेव

नाशिक

चि. बाळू,

तुझा तो व्हिडिओ फिरत फिरत तुझ्या या आप्पापर्यंत पोचला. पिंपळगावच्या मावशीच्या नातवानं मोठ्या कौतुकानं दाखवला. कांद्यानं भरलेला दहा टायरी ट्रक कसारा घाट उतरतोय, उस्ताद न्यूट्रल करून इंजिन बंद करतो आणि मागून तुझा आवाज येतो, "बघा, डिझेल कसं वाचतं!" आप्पानं तो पुन्हा पुन्हा लावून घेतला, डॅशबोर्डवरचा हवेचा काटा नीट दिसावा म्हणून. उस्तादनं ब्रेक दाबला की काटा थोडा खाली, परत दाबला की आणखी खाली. केबिनमध्ये तिघं बसलेले, आणि काट्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

ट्रकवर गेलास म्हणून आप्पाला राग नाही. दादानं द्राक्षबाग मोडल्यापासून घरात चार पैसे यायला हवेत, हे सगळ्यांनाच कळतं. आजीला अजून वाटतं तू मालेगावला दुकानात आहेस. तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि आप्पाही सांगणार नाही. राग आहे तो त्या न्यूट्रलचा.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरतो कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसर फिरतो इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे टाकीत उरली तेवढीच हवा. स्टिअरिंगही त्याच क्षणी जड होतं. गाडी गिअरमध्ये असली की बराच भार इंजिनच पेलतं, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर आणखी. न्यूट्रलमध्ये सगळं वजन येतं ड्रमवर. लायनर तापतात, तापले की पकडत नाहीत, मग पाय कितीही जोरात दाबा. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर क्लीनरला पहिल्याच घाटात शिकवत. तुझ्या उस्तादला कोणी शिकवलं नसेल, तर तो तुला काय शिकवणार?

आणि डिझेल तरी कुठं वाचतं? एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्याच गाड्या विकल्या जातात. उताराला गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की त्यांचं इंजिन डिझेल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं तर उलट थोडं पितं. म्हणजे ज्या बचतीसाठी माणसं जीव धोक्यात घालतात, ती गिअरमध्ये फुकट मिळते.

पुण्याचा नवले पूल तुला माहीत आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की तिथपर्यंत उतारच उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री एका मालट्रकनं तिथं गाड्यांची रांगच्या रांग ठोकरली. सुरुवातीला सगळे म्हणाले, ब्रेक फेल. तपासात पोलिसांनी सांगितलं, ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. बातमी वाचली तेव्हा आप्पाला त्या ड्रायव्हरचा संताप आला होता. परवा तुझा आवाज ऐकला आणि संतापाची जागा भीतीनं घेतली. पोटात गोळा आला रे.

असंही कानावर आलंय की रात्री रस्ता मोकळा असला की उस्ताद स्टिअरिंग तुझ्या हातात देतो. खरं असेल तर आजच्या आज बंद कर. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मालवाहू गाडी चालवायला कायद्याची परवानगी नाही, आणि तुला कार्तिकात वीस लागतील... नाही, पूर्ण होतील. हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं, ते तुझं आहे. वीस पूर्ण झाली की रीतसर शीक. मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असतो, सहा आठवड्यांत पुरा होतो. पुण्यात नाशिक फाट्याला केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं चौकशी कर. मालक म्हणेल, सहा आठवडे कशाला, गाडीवरच शिकशील. त्याला सांग, आप्पा नाही म्हणतो.

झोपेचंही बघ. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला कामाचे आठच तास लिहिले होते, आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. ट्रकवर हे कोण पाळतं, म्हणशील. पेंग आली की गाडी बाजूला घ्यायची, एवढं तर तुझ्या हातात आहे.

आप्पानं एसटीत स्टिअरिंग धरलं तेव्हा तोही तुझ्याच वयाच्या आसपासचा. मुक्कामी गाड्यांची गावं आजही पाठ आहेत. उन्हाळ्यात कंडक्टरबरोबर टपावर अंथरूण टाकायचं, पहाटे गावच्या आडावर अंघोळ करून गाडी काढायची. पण ताई पहिल्यांदा चालली कधी, हे काकूला विचारावं लागतं. ड्यूटीला इलाज नव्हता, तरी ते वर्ष आपल्या हातून निसटलं असं अजून वाटत राहतं. म्हणून तुझं लग्न झालं की मालकाशी आधीच बोलून ठेव, दिवाळीला घरी येणार म्हणून.

तुला आप्पापेक्षा बरे दिवस येतील. आता नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. समृद्धी महामार्गावर इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा झालाय, कसारा टाळता येतो. टोल वाचवायला मालकानं जुन्याच वाटेनं पाठवलं तर घाटाच्या तोंडाशी गाडी थांबव, हवा बघ, गिअर पाड आणि सावकाश उतर. मागचे हॉर्न वाजवू देत.

प्रशिक्षणाच्या फीची काळजी करू नकोस, आप्पा भरेल. दादाकडे मागू नकोस, तो ओशाळेल. राहायला ताई आहे चिंचवडला. तिच्याशी बोलणं झालंय, माळ्यावरची गादी तिनं उन्हात घातलीसुद्धा. जाताना लसणाची चटणी घेऊन जा, काकू करून ठेवते आहे.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे असं नाही. फोन कर, आप्पा ओरडणार नाही.

तुझा
आप्पा