ब्रोकरकडे खाते, हॉटेलचे पॉइंट : खर्च किती, पदरात किती

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ईमेलमधून अधूनमधून एक जाहिरात येते. आमच्या ब्रोकरेजमध्ये नवे खाते उघडा, त्यात अमुक हजार डॉलर आणा आणि अमुक हॉटेलांच्या साखळीचे पॉइंट मिळवा. कधी हॉटेलऐवजी विमान कंपनीचे माइल असतात. फिडेलिटीने मागच्या दशकात ५०,००० डॉलर आणणाऱ्याला २५,००० आणि एक लाख डॉलर आणणाऱ्याला ५०,००० माइल देऊ केले होते. आई-वडील भारतातून यायचे असतात, उन्हाळ्यात नायगारा नाहीतर यलोस्टोन ठरत असते, आणि हॉटेलच्या चार रात्री फुकट पडतील असे वाटू लागते.

फुकट काही नाही. हे पॉइंट म्हणजे तुमच्या पैशावर मिळणारे व्याज आहे, फक्त ते डॉलरऐवजी खोलीच्या रूपात मिळते. त्यामुळे मुदत ठेवीबद्दल जे विचारतो तेच इथेही विचारायचे. दर किती पडला, पैसा किती दिवस अडकला, कर किती आणि मुदतीआधी काढला तर काय?

ब्रोकर हे व्याज का देतो, तेही समजून घेऊ. ऑक्टोबर २०१९ मध्ये श्वाब, टीडी अमेरिट्रेड, ई-ट्रेड आणि फिडेलिटी यांनी काही दिवसांच्या अंतराने शेअर खरेदी-विक्रीवरचे कमिशन शून्यावर आणले. तेव्हापासून या धंद्यात खात्यात पडून असलेल्या रोख रकमेचे महत्त्व फार वाढले. तुम्ही गुंतवलेली नाही अशी रक्कम आपोआप ब्रोकरच्या संबंधित बँकेत जाते. तुम्हाला त्यावर नाममात्र व्याज मिळते आणि बँक तीच रक्कम चढ्या दराने वापरते. जून २०२२ मध्ये श्वाबच्या तीन उपकंपन्यांनी अमेरिकी रोखे आयोगाशी तडजोड करून १८ कोटी ७० लाख डॉलर भरायचे मान्य केले. आक्षेप असा होता की त्यांच्या स्वयंचलित सल्ला योजनेत ग्राहकांच्या पैशाचा काही हिस्सा रोखीत ठेवला जाई, आणि त्यामुळे ग्राहकाची कमाई घटते हे नीट सांगितले जात नसे. कंपन्यांनी आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. आपण त्यातून एवढेच घ्यायचे, की खात्यातली रोख पडून राहिली तर तिची किंमत कोणीतरी मोजत असते, आणि ते बहुधा आपणच असतो.

आकडे मांडून बघू

पुढचा नमुना हिशेबासाठी आहे, कुठल्याही एका कंपनीच्या योजनेचा नाही. समजा, अट अशी आहे: २५,००० डॉलर आणा, सहा महिने ठेवा, ४०,००० हॉटेल पॉइंट घ्या. एका पॉइंटची किंमत अर्धा सेंट धरली, तर हाती येतात २०० डॉलर.

आता हेच २५,००० डॉलर बचत खात्यातून काढून ब्रोकरकडे नुसते रोख ठेवले. ब्रोकर ०.०५ टक्के व्याज देतो, म्हणजे सहा महिन्यांचे जेमतेम ६ डॉलर. बाहेर ४ टक्के मिळत असते तर ५०० डॉलर झाले असते. संघराज्याचा आणि राज्याचा मिळून २८ टक्के कर धरू. बाहेर ठेवले असते तर करानंतर ३६० डॉलर उरले असते. पॉइंटच्या वाटेने करानंतर साधारण १४८ डॉलरचा माल मिळाला. म्हणजे ‘फुकट’ रात्रींसाठी २१२ डॉलर मोजले, आणि तेही पावती न मिळता.

यावर उपाय आहे, आणि तो अटींतच दडलेला असतो. बहुतेक योजनांत ‘नवी मालमत्ता’ आणा असे लिहिलेले असते, रोखच ठेवा असे नसते. तसे असेल तर पैसे आल्याच्या दिवशीच त्याच खात्यात मनी मार्केट फंड किंवा अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलांत गुंतवा. व्याज चालू राहते, शिल्लक मोजली जाते आणि पॉइंट वरकड मिळतात. ‘नवी’ म्हणजे नेमकी कधीपासून, बाजार पडून शिल्लक घटली तर ती अट मोडली असे धरतात का, आणि मधे पैसे काढले तर पॉइंट परत घेतात का, हे तीन प्रश्न ब्रोकरच्या सुरक्षित संदेशपेटीतून लेखी विचारा. फोनवरच्या उत्तराला नंतर कोणी विचारत नाही.

सगळ्यांत चांगली वाट मात्र रोख आणण्याची नाहीच. नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर, जुने इंडेक्स फंड आणि एखाद्या ब्रोकरकडे वर्षानुवर्षे पडून असलेली गुंतवणूक, ही आहे तशी नव्या ब्रोकरकडे हलवता येते. शेअर विकावे लागत नाहीत, म्हणून भांडवली नफ्यावर कर लागत नाही. हे काम दोन ब्रोकरमधल्या ठरलेल्या यंत्रणेतून साधारण आठवडाभरात होते. अर्ज नेहमी नव्या ब्रोकरकडे करायचा, जुन्याकडे नाही. अपूर्णांकातले शेअर बहुधा विकून रोख पाठवतात आणि काही कंपन्यांचे स्वतःचे फंड हलतच नाहीत. खरेदीची मूळ किंमत काही दिवस उशिरा पोचते, त्यामुळे ती आल्याची खात्री होईपर्यंत विक्री करू नका. खाते हलवण्याआधीच जुन्या खात्यातल्या मूळ किमतींचे पान उतरवून ठेवा. नोकरीतल्या शेअरच्या बाबतीत तर हे फारच जपावे लागते, कारण पगारात धरून ज्यावर कर भरला तीच रक्कम विकताना पुन्हा नफा म्हणून मोजली जाण्याची चूक सर्रास होते.

जुना ब्रोकर निघताना शुल्क घेऊ शकतो. फिडेलिटी काही घेत नाही, श्वाब संपूर्ण खाते हलवल्यास ५० डॉलर घेते, रॉबिनहूड १००. नवा ब्रोकर हे शुल्क भरून देतो का, तेही विचारा. आपल्या नमुन्यात ७५ डॉलर धरले, तर २०० मधून ७५ शुल्क आणि ५६ कर जाऊन उरतात ६९. मुदत संपल्यावर पुन्हा दुसरीकडे न्यायचे आणि पुन्हा ७५ भरायचे झाले, तर हिशेब तोट्यात जातो. म्हणून जिथे एरवीही राहायला आवडेल अशाच ब्रोकरकडे जा.

कर : इथेच बहुतेक जण फसतात

क्रेडिट कार्डावर खर्च करून मिळालेले पॉइंट अमेरिकेत सहसा उत्पन्न धरत नाहीत. ती खरेदीवरची सूट मानली जाते. खात्यात पैसे ठेवल्याबद्दल मिळालेल्या पॉइंटचे तसे नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयाने असे एक प्रकरण निकाली काढले. एका दाम्पत्याने सिटीबँकेत खाते उघडून ५०,००० पॉइंट मिळवले आणि त्यांवर विमानाचे तिकीट घेतले. बँकेने तिकिटाची किंमत ६६८ डॉलर धरून कर खात्याला कळवली. दाम्पत्याने ती विवरणपत्रात दाखवली नव्हती. न्यायालयाने निकाल दिला की पैसा वापरायला दिल्याबद्दल मिळालेला हा मोबदला व्याजासारखाच आहे, म्हणून करपात्र.

आता खरी मेख बघा. तुम्ही पॉइंटची किंमत काहीही धरा, कर खात्याला आकडा कळवतो तो ब्रोकर. त्याच सिटीबँकेने एकेकाळी खाते उघडल्याबद्दल दिलेले माइल प्रत्येकी अडीच सेंट धरून फॉर्म पाठवले होते आणि त्यावरून मोठी नाराजी झाली होती. उलट, व्याजाऐवजी अमेरिकन एअरलाइन्सचे माइल देणारी बास्क बँक १०९९-आयएनटी फॉर्मवर एका माइलची किंमत ०.४२ सेंट धरते. तोच माइल, पण कराचे ओझे सहापट वेगळे. आपल्या नमुन्यात ब्रोकरने हॉटेल पॉइंट एक सेंटाचा धरला, तर ४०० डॉलर उत्पन्न दिसेल, कर ११२ होईल आणि शुल्क वजा जाता तुमच्या हाती १३ डॉलर उरतील. म्हणून सही करण्याआधीचा सगळ्यांत मोलाचा प्रश्न हा: फॉर्मवर पॉइंटची किंमत किती धरणार? फॉर्म आला नाही म्हणून कर माफ होत नाही, हेही लक्षात असू द्या.

पॉइंटची किंमत कशी काढायची

ज्या हॉटेलात, ज्या तारखेला जायचे आहे, तिथली करासह रोख किंमत बघा आणि तिला मागितलेल्या पॉइंटांनी भागा. करासह २०४ डॉलरची खोली ५०,००० पॉइंटांना असेल, तर पॉइंट ०.४१ सेंटाचा पडला. दुसऱ्या गावी २६० डॉलरची खोली ४०,००० ला मिळत असेल, तर ०.६५ चा. हिल्टन, मॅरियट आणि आयएचजी यांच्याकडे खोलीचे पॉइंट मागणीप्रमाणे वरखाली होतात. हयातने ठरावीक तक्ता ठेवला आहे आणि त्यांचा एक पॉइंट इतरांपेक्षा बराच महाग असतो. तेव्हा ४०,००० हा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. हयातचे १५,००० त्याहून भारी ठरू शकतात.

वरची मर्यादा ओळखायची एक साधी खूण आहे. हॉटेल साखळ्या स्वतःच पॉइंट विकतात. हिल्टन अनेकदा दुप्पट पॉइंटांची सवलत देते, तेव्हा पॉइंट अर्ध्या सेंटाला मिळतो. जी वस्तू दुकानात अर्ध्या सेंटाला मिळते, तिची किंमत आपल्या हिशेबात त्याहून जास्त धरू नये.

पॉइंटवर घेतलेल्या खोलीचेही काही खर्च उरतात. हिल्टन आणि हयात पॉइंटवरच्या रात्रींना रिसॉर्ट शुल्क लावत नाहीत, मॅरियटच्या बऱ्याच हॉटेलांत ते भरावे लागते. गाडी उभी करण्याचे पैसे मोठ्या शहरांत वेगळे असतातच. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट जातात. हिल्टनमध्ये ही सोय सिल्व्हर आणि त्यावरच्या सदस्यांना मिळते. खात्यात काही हालचाल नसेल तर मॅरियट, हिल्टन आणि हयातचे पॉइंट २४ महिन्यांत संपतात, आयएचजीच्या साध्या सदस्याचे १२ महिन्यांत. हिल्टनमध्ये घरातल्यांचे पॉइंट विनाशुल्क एकत्र करता येतात, आणि नवरा-बायकोच्या दोन खात्यांत थोडे थोडे पॉइंट अडकलेल्यांना त्याचा फार उपयोग होतो.

भारतात येताना हे पॉइंट वापरायचे असतील तर तारीख नीट निवडा. इथे ७,५०० रुपयांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, पॉइंटवर घेतली तर तो वाचतो. पण एरवी पुण्या-मुंबईत खोलीचा रोख दर डॉलरच्या मानाने स्वस्त असतो आणि पॉइंट वाया गेल्यासारखे होतात. नाताळच्या आठवड्यात गोव्यात दर आभाळाला भिडतात, तेव्हा बांबोळीच्या ग्रँड हयातसारख्या ठिकाणी पॉइंटचे सोने होते, मात्र खोली कित्येक महिने आधी धरावी लागते.

पुण्यात बसून हे करावे का?

माझे स्पष्ट मत आहे, करू नये. भारतातल्या रहिवाशाला परदेशी पैसे पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, पण गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस आधीच कापला जातो. २५,००० डॉलर म्हणजे २० लाखांहून जास्त रुपये, तेव्हा दोन लाखांवर रक्कम कराच्या परताव्यापर्यंत किंवा समायोजनापर्यंत अडकेल. शिवाय पाठवलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवली नाही तर परत आणावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. सहा महिने रोख ठेवा म्हणणारी योजना थेट या नियमाला जाऊन भिडते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद करावी लागते ती वेगळीच.

जे अमेरिकेत आहेत पण कधीतरी परतणार आहेत, त्यांच्यासाठी याहून गंभीर बाब आहे. अमेरिकेचे नागरिकत्व नसलेली आणि कायमची भारतात परतलेली व्यक्ती मागे अमेरिकी शेअर ठेवून गेली, तर तिथल्या वारसा कराची सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत आहे. पॉइंटच्या निमित्ताने उघडलेली तीन-चार खाती विसरली जातात आणि घरातल्या माणसांना त्यांचा पत्ताही नसतो. खाते उघडतानाच त्याला वारस नेमा, आणि खात्याची माहिती पती किंवा पत्नीला लिहून द्या.

खाते उघडण्याआधी, अमेरिकी ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या फिन्रा या संस्थेच्या ब्रोकरचेक सेवेवर कंपनी नोंदणीकृत आहे का ते पाहा. एसआयपीसीचे संरक्षण कंपनी बुडाली तर एकूण ५ लाख डॉलरपर्यंत असते, त्यात रोख अडीच लाखांपर्यंत. शेअरची किंमत पडली तर ते उपयोगाचे नाही. जाहिरातीचे पान आणि पूर्ण अटी त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, कारण योजना संपली की ते पान जागेवर राहत नाही. अर्जात हॉटेलचा सदस्य क्रमांक आणि ब्रोकरच्या खात्यावरचे नाव अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे मधले नाव कधी लिहितात, कधी गाळतात, आणि पॉइंट त्यातच अडकतात. पॉइंट जमा व्हायची तारीख आणि पैसे हलवायची मोकळीक मिळण्याची तारीख, दोन्ही कॅलेंडरात लिहा. पहिली तारीख उलटून दोन आठवड्यांत पॉइंट आले नाहीत तर जपून ठेवलेल्या अटी जोडून लेखी तक्रार करा, आणि दाद लागली नाही तर तीच तक्रार फिन्राकडे न्या.