घरचा लसूण : लावणी आणि काढणी

माळकऱ्यांच्या मासिकात लसणाचा पाठ कशाला, असे काही वाचक मथळा पाहूनच म्हणतील. त्यांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. मनुस्मृतीने लसूण द्विजांना वर्ज्य सांगितला आहे. आपल्यांतील कित्येक घरांत तो बारा महिने शिवत नाहीत. आणि जे खातात तेही कांदेनवमीला त्याचा निरोप घेतात, तो कार्तिकी एकादशी होईपर्यंत. ज्याचा जो नेम असेल तो त्याने पाळावा, त्यात आम्हांला एक अक्षर बदलायचे नाही. परंतु न खाणे निराळे आणि न पिकवणे निराळे. अरणच्या सावता महाराजांच्या अभंगात भाजीपाल्याच्या पंगतीत लसूणही बसलेला आहे, हे आपण सर्व जाणतो. स्वतः जिभेला न लावता लसणाचे वाफे करणारे आणि त्यावर प्रपंच चालवणारे माळकरी आजही थोडे नाहीत.

शिवाय घर एकाच माणसाचे नसते. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि आत खोलीत सून ओली बाळंतीण. तिच्या ताटात लसणाची चटणी हवी की नको? हवीच. २०२३ च्या अखेरीस बाजारात लसूण किलोला ४०० रुपयांपर्यंत चढला, तेव्हा अशा घरांनी पावशेर घ्यायलासुद्धा विचार केला. अंगणात तीन हात जागा असेल तर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हा पाठ.

आता गंमत पाहा. आपल्याकडे लसणाची लावणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऐन चातुर्मासात करायची असते. स्वयंपाकघरात त्याला मज्जाव आणि वाफ्यात त्याचा मुहूर्त! याचे कारण हवेत आहे. लसणाला आधी थंडी लागते, तीत तो पाला वाढवतो. मग दिवस मोठा होऊन ऊब येऊ लागली की पाल्यातले सत्त्व खाली उतरून गड्डा भरतो. ऑक्टोबरात लावलेल्याला पाला करायला पुरेसा काळ मिळतो. मार्गशीर्ष उजाडल्यावर लावाल तर पाला जेमतेम होतो न होतो तोच ऊन तापते, आणि सुपारीएवढे गड्डे हाती येतात. कधी कधी तर त्यात पाकळ्याच पडत नाहीत, अख्खा गड्डा म्हणजे एकच गोल पाकळी. लोक तिला औषधी म्हणून डोक्यावर घेतात. पण बहुधा ती उशिरा लावलेल्या किंवा फार बारीक पाकळीची करामत असते.

बियाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. लसणाला पेरण्याजोगे बी धरत नाही. पाकळी (कोठे तिला कुडी म्हणतात) हेच त्याचे बी. म्हणून जसा गड्डा लावाल तसाच वंश पुढे चालतो. बाजारात अलीकडे मोठ्या, जाड पाकळीचा डोंगरी लसूण मिळतो. सोलायला सोपा म्हणून बायका तो पसंत करतात, आणि तोच कुंडीत खोचतात. पाला झकास येतो, बरं का! पण तो हिमालयाकडच्या लांब दिवसांचा सवयीचा. आपल्या हिवाळी-वसंती दिवसांत त्याचा गड्डा बांधतच नाही. तेव्हा गावरान, बारीक पाकळीचा लसूणच घ्यावा, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राने काढलेले भीमा ओंकार आणि भीमा पर्पल हे वाण मिळवावेत. पहिला पांढरा, दुसरा जांभळट सालीचा, दोन्ही सव्वाचार महिन्यांच्या आत-बाहेर तयार होतात.

लावणीच्या दिवशीच गड्डा फोडावा, आधी फोडून ठेवू नये. बाहेरच्या कडेच्या ठसठशीत पाकळ्या निवडाव्या, आतल्या चिंचोळ्या फोडणीकडे पाठवाव्या. साल काढू नये. जमीन भुसभुशीत हवी. चिकट काळ्या मातीत गड्डा वेडावाकडा होतो, म्हणून तीत कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. शेणखत कुजलेलेच हवे, ताजे नव्हे. पाकळीचे टोक वर, बूड खाली, वर दोन बोटे माती. दोन ओळींत सहा इंच, ओळीतल्या दोन पाकळ्यांत चार इंच. तीन फूट लांब-रुंद वाफ्यात चोपन्न पाकळ्या मावतात. एकेक गड्डा वीस ग्रॅमचा धरला तरी किलोभर लसूण झाला. अंगण नसेल त्याने आठ इंच खोल कुंडी घ्यावी, फक्त तळाला भोके असावीत.

पाणी लावताच एकदा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग आठ-दहा दिवसांनी. कुंडीला बोट खुपसून पाहावे, ओल लागली तर पाणी देऊ नये. लसणाची मुळे उथळ, म्हणून तण हाताने उपटावे, खुरपे खोल घालू नये. पानांवर पांढरे चट्टे दिसले तर पानांच्या बेचक्यांत फुलकिडे बसले असे समजावे. घरच्या वाफ्याला पाण्याचा जोराचा फवारा किंवा निंबोळीचा अर्क पुरतो. दोन महिने झाल्यावर मात्र युरियाचा मोह टाळावा. उशिरा मिळालेल्या नत्राने पाकळ्या आतल्या आत पुन्हा फुटतात, आणि गड्डा फुगूनही हलका व पोकळ राहतो.

आणखी एक. कोवळी पात पाहून हात शिवशिवतो. पण पात म्हणजे गड्ड्याचे स्वयंपाकघर आहे. तेच कापून नेले तर गड्डा उपाशी राहतो. पातीची चटणी आवडत असेल तर बारक्या पाकळ्यांची निराळी कुंडी करावी आणि खुशाल कापावी.

वाफ्यात लसणाला वास नसतो, हे वाचकांनी पाहिले असेलच. अखंड पाकळीत दोन द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचली की ती एकत्र येतात आणि तो दरवळ निर्माण होतो. त्या तिखट द्रव्याला अ‍ॅलिसिन म्हणतात. १९४४ साली ते प्रथम वेगळे काढले गेले. आपल्या वैद्यांनी याच लसणाला रसोन म्हटले, कारण सहा रसांपैकी त्यात एकटा आंबट तेवढा उणा आहे. असो.

काढणी महाशिवरात्र ते होळीच्या दरम्यान येते. पाने पिवळी पडून शेंडे वाळू लागले की पंधरा दिवस पाणी तोडावे. मग एखादा गड्डा उकरून बघावा. पाकळ्या एकमेकींपासून उठून दिसल्या आणि वरची साल अजून धड असली, तर वेळ झाली. त्याआधी काढाल तर पाकळी पातळ राहून महिन्यात सुकेल. फार थांबाल तर साल फाटून पाकळ्या मातीत सुट्या होतील आणि कोंबही धरतील. पाल्याला धरून उपटू नये, मान तुटते. खुरप्याने शेजारची माती सैल करून गड्डा उचलावा. धुवायचा नाही, माती नुसती झटकावी. तीन-चार दिवस वाफ्यावरच पसरावा, एका ओळीचा पाला दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असा, म्हणजे ऊन पाल्याला लागते, गड्ड्याला नाही. पुढे आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर.

मग पाल्यासकट जुड्या बांधून माजघरात टांगाव्या. पूर्वी चुलीच्या वर टांगीत, धुराने लसूण टिके. आता चूल नसली तरी वारा आहे. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. त्या गारव्याला तो थंडीचे दिवस समजतो आणि लगेच कोंब काढतो. सर्वांत मोठ्या गड्ड्यांची एक जुडी वेगळी बांधून तिला दोऱ्याची खूण करावी. चोपन्न पाकळ्यांना सहा गड्डे पुरतात, दोन जास्त धरावे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जुडी चाचपून मऊ पडलेला गड्डा काढून टाकावा. चातुर्मासात स्वयंपाकघराचा हात तिकडे जात नाही, ही त्या बियाण्याची मोठीच सोय आहे.