सभेत बोलायचं, तर क्रम लावून बोलायचं



गटाच्या बैठकीत आपण मोकळेपणानं बोलतो. बांधावर, पाणवठ्यावर तर बोलणं थांबतच नाही. पण ग्रामसभेत माईक हातात आला की काय होतं? कधी शब्दच सुचत नाहीत. कधी इतकं बोललं जातं की मागायचं काय होतं तेच राहून जातं.

आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंचं असंच झालं. त्यांच्या वाडीला नळाचं पाणी सकाळी साडेनऊला यायचं. मजुरीला जाणाऱ्या बाया आठलाच घर सोडतात. मग पाण्यासाठी कुणाची तरी हजेरी बुडायची, नाहीतर मुलीची शाळा. ताई ग्रामसभेत उठल्या. पाण्यापासून सुरुवात केली, तिथून गटारावर गेल्या, मग रस्त्यावरचे दिवे, मग मागच्या वर्षी दिलेला शब्द. दहा मिनिटं बोलल्या. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. उत्तर मिळालं, "बरं, बघू." आणि पुढचा विषय सुरू झाला.

घरी येताना ताई म्हणाल्या, "आपलं कुणी ऐकतच नाही." आम्ही बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की सरपंचांनी नेमकं कशाला 'हो' म्हणायचं, हेच आपण सांगितलं नव्हतं. म्हणून पुढच्या सभेसाठी एकच विषय घेतला आणि बोलण्याच्या पायऱ्या लावल्या.

पटवून देण्याच्या पाच पायऱ्या

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अॅलन मन्रो नावाचे प्राध्यापक होते. लोकांना पटेल आणि ते कामाला लागतील असं भाषण कसं रचावं, याच्या पाच पायऱ्या त्यांनी 1930 च्या दशकात मांडल्या. आपल्या ग्रामसभेलाही त्या चालतात. ताईंनी दुसऱ्या वेळी काय सांगितलं ते पायरीप्रमाणे बघा.

1) लक्ष वेधणे. "आमच्या वाडीतली आठवीतली मुलगी मागच्या महिन्यात सहा दिवस शाळेत गेली नाही. आजारी नव्हती. नळाला पाणी यायची वाट बघत होती." नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता पहिल्याच वाक्यात माणसं मान वर करतात.

2) गरज दाखवणे. इथे आकडा लागतो. ताईंनी महिनाभर वही ठेवली होती. "वाडीतल्या 22 जणी मजुरीला जातात. महिन्यात पाण्यापायी 66 खाडे झाले. 300 रुपये हजेरी धरली तर 19,800 रुपये बुडाले." नुसतं 'लई त्रास होतो' म्हटलं तर लोक मान हलवतात आणि विसरतात. वहीतला आकडा खोडता येत नाही.

3) उपाय सांगणे. "पाणी सकाळी सहाला सोडा." उपाय एकच आणि जमण्यासारखा. समोरची शंकाही इथेच आपण होऊन काढायची. ताई म्हणाल्या, "कुणी म्हणेल सकाळी लाइट नसते. पण टाकी रात्रीच भरते, सकाळी फक्त वाल्व्ह उघडायचा आहे. पाणी सोडणाऱ्या दादांशी आम्ही बोललो आहोत, त्यांची तयारी आहे." शंका दुसऱ्यानं काढली की आपण अडखळतो. आपणच काढली की आपली तयारी दिसते.

4) चित्र उभं करणे. "सहाला पाणी आलं तर सातपर्यंत हंडे भरून होतील. बाया कामाला जातील, पोरी शाळेत जातील." झाल्यावर कसं दिसेल ते दोन वाक्यांत सांगायचं. जास्त रंगवायचं नाही.

5) कृती मागणे. "एक महिना सहाची वेळ करून बघावी, असा ठराव आजच्या सभेत घ्यावा." ही पायरी पहिल्या वेळी राहिली होती. 'काहीतरी करा' म्हटलं की 'बघू' असं उत्तर येतं. 'हा ठराव घ्या' म्हटलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शिवाय महिनाभर करून बघायला नाही म्हणणं अवघड जातं.

सगळं मिळून तीन मिनिटं. ताई बसल्या, दुसऱ्या गटाच्या अध्यक्षांनी लगेच उभं राहून अनुमोदन दिलं, ठराव लिहिला गेला. महिन्यानंतरही सहाची वेळ तशीच राहिली. गटार आणि दिवे अजून बाकी आहेत. त्यांचीही पाळी येईल, एकेक करून.

समोर कोण आहे ते बघून क्रम बदला

● समोरचे लोक कारणच मानत नसतील, तर समस्या, तिचं कारण आणि मग उपाय, असा क्रम घ्या. कारण पटल्याशिवाय उपाय पटत नाही.

● दोन पर्यायांवर वाद असेल, तर तुलना करा. शिलाई मशीन घ्यायचं की शेवयांचं? खर्च, विक्री, शिकायला लागणारा वेळ, एकेक मुद्दा दोन्हींना लावून बघा. शेवटी आपली पसंती स्पष्ट सांगा.

● सगळ्यांना आधीच पटलेलं असेल, तर गरज सांगण्यात वेळ घालवू नका. कुणी काय करायचं आणि कधी, तेवढंच बोला.

● बँकेत साहेबांना वेळ कमी असतो. तिथे मागणी आधी, कारणं नंतर. "गटाला एवढं कर्ज हवं आहे, या कामासाठी." मग आपली पंचसूत्री पुढे ठेवा: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. बँकेत आपल्या दप्तराइतकं पक्कं दुसरं कुणी बोलत नाही.

उभं राहण्याआधी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आपला विषय आधी महिला सभेत मांडा. तिथे बायकांची संमती मिळाली की ग्रामसभेत आपण एकट्या नसतो. विषयाचा अर्ज आधीच ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. सभा संपली की ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते विचारा. तोंडी 'हो' हवेत विरतं.

भाषण पाठ करू नका. वहीच्या एका पानावर पाच पायऱ्यांच्या पाच ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर पाच बोटं धरा, एका बोटाला एक पायरी. करंगळीपर्यंत आलं की मागणी करायची आणि खाली बसायचं. मध्येच कुणी टोकलं तर रागावून दुसऱ्या विषयात शिरू नका. "तुमचं ऐकते, आधी माझा मुद्दा पुरा करते," एवढं म्हणा आणि ज्या बोटावर होता तिथूनच पुढे चला.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

बचत गोळा झाली की अर्धा तास काढा. गावातला एकच प्रश्न निवडा. एका ताईनं पाच पायऱ्यांत तीन मिनिटं बोलायचं, दुसरीनं घड्याळ बघायचं. बाकीच्यांनी सरपंच आणि ग्रामस्थ होऊन अवघड प्रश्न विचारायचे. शेवटी सगळ्यांना एकच विचारा, "ताईंनी काय मागितलं?" सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर ताई सभेत उभ्या राहायला तयार आहेत. तीन उत्तरं आली, तर पाचवी पायरी परत बांधा.