मातीतली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते

ऑगस्टमध्ये उसाचे एखादे बेट पिवळे पडू लागले, की ते धरून ओढून पाहा. फारसा जोर न लावता उपटून आले, तर मुळ्या खाल्ल्या गेल्या आहेत. बुडाशी खणा आणि जी अळी निघेल ती औषधाच्या दुकानात जाण्याआधी नीट पाहा.

हुमणी मळकट पांढरी, जाड, डोके तपकिरी आणि टणक. पायांच्या तीनच जोड्या, त्याही डोक्यामागे. बाहेर काढली की चंद्रकोरीसारखी वळून पडते. रोपे जमिनीलगत कापणारी काळपट अळीही हात लावताच वेटोळे करते, पण तिला पोटाखालीही मांसल पाय असतात. ती पतंगाची अळी. तिचा बंदोबस्त वेगळा.

खरी गफलत उकिरड्यावर होते. शेणखतातली अळी सपाट फरशीवर ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरपटली तर ती हुमणी नव्हे. ही अळी कुजके खाऊन जगते आणि खत मुरायला मदतच करते. तिच्यासाठी खतात विषारी दाणे मिसळू नका, त्यात गांडुळेही मरतात. कोकणात मात्र खताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून नष्ट करा. त्या बहुधा नारळाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असतात.

बागेतली हिरवळ सतरंजीसारखी उचलून येत असेल, कावळे-साळुंक्या तिथेच टोचत असतील, तर तिथेही खणून पाहा.

उसात चौरस मीटरला एक हुमणी सापडली तरी उपाय सुरू करावा. लहान अळ्यांवर, जमीन ओली असताना, शेणखतात मिसळून दिलेली मेटारायझियम बुरशी चांगले काम करते. पूर्ण वाढलेली अळी सहजी मरत नाही, आणि सर्वांत जास्त मुळ्या तीच खाते. म्हणून उशीर नको. रासायनिक औषध द्यायचेच तर कृषी सहायकाला विचारूनच द्या.

मुळावर घाव घालायची वेळ पुढच्या वर्षी, वळवाच्या पावसानंतर येईल. तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एक मादी साधारण 50 ते 60 अंडी घालते. एकट्याने आपल्या बांधावरचे भुंगेरे मारून भागत नाही, शेजारच्या रानातले उडून येतातच. यंदाच गावात बोलून ठेवा.

ओळख पटत नसेल तर चार अळ्या ओल्या मातीसह डब्यात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या.