अजिंठ्याच्या अंधारात आयएसओ

अजिंठ्याची ट्रिप करून आलेल्या कुणाचेही फोटो बघा. वाघूर नदीचं वळण झकास, ग्रुप फोटो झकास, पण भित्तिचित्रांचे फोटो एकतर हललेले, नाहीतर दाणेदार. मग सगळे म्हणतात, "कॅमेराच बदलायला हवा." माझं म्हणणं असं की, आधी आयएसओ नीट समजून घ्या.

सोयगाव तालुक्यातली ही लेणी म्हणजे एक्स्पोजरची उत्तम प्रयोगशाळा आहे. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ मध्ये चित्रे सर्वांत चांगली टिकली आहेत. तिथे प्रकाश मंद असतो, फ्लॅशला बंदी आहे आणि परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही. म्हणजे उरलं काय? अॅपर्चर, शटर आणि आयएसओ.

यातल्या पहिल्या दोघांमुळे सेन्सरवर किती प्रकाश पडणार ते ठरतं. अॅपर्चर म्हणजे नळाचं तोंड, शटर म्हणजे नळ किती वेळ उघडा ठेवला तो वेळ. आयएसओ मात्र बादलीत एक थेंबही वाढवत नाही. तो आपल्या लॅबमधल्या अॅम्प्लिफायरच्या गेनसारखा आहे. गेन वाढवला की सिग्नल वाढतो, पण सोबत नॉइजही वाढतो.

आता थोडं गणित. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडले, तर त्यांतला नैसर्गिक चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १०० असतो. सिग्नल नॉइजच्या १०० पट. फोटॉन १०० च पडले, तर नॉइज १० आणि गुणोत्तर फक्त १०. म्हणजे दाणे मुख्यतः प्रकाशाच्या कमतरतेमुळे येतात. आयएसओ ते फक्त उजेडात आणतो!

समजा, एफ २.८ आणि आयएसओ १०० ला लेण्यात २ सेकंदांचं एक्स्पोजर लागतंय. इतका वेळ हात स्थिर राहणं अशक्य. आयएसओ ३२०० केला की पाच स्टॉप मिळाले, म्हणजे वेळ ३२ पटीने कमी होऊन १/१६ सेकंद. लेन्स एफ १.४ पर्यंत उघडत असेल तर आणखी दोन स्टॉप, म्हणजे साधारण १/६० सेकंद. आता हातात धरूनही काम होतं. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात, पण हललेला पद्मपाणी परत स्थिर होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: अॅपर्चर पूर्ण उघडा, शटर हाताला झेपेल तितका मंद ठेवा आणि मग लागेल तेवढा आयएसओ बिनधास्त वाढवा.

दुसरी गोष्ट मीटरची. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करडं करायची खोड असते. काळोखी भिंत तो उगाच उजळवतो आणि त्यासाठी शटर आणखी मंद करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा. अंधार अंधारासारखा दिसेल आणि वेळही निम्मा लागेल.

फोनवाल्यांनीही निराश होऊ नये. नाइट मोड अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो. १६ फ्रेम घेतल्या तर नॉइज एक चतुर्थांश होतो. फक्त खांबाला न टेकता, कोपर छातीशी धरून उभे राहा.

आणि फ्लॅश? "एकदा मारल्याने काय होतंय" असं प्रत्येक जण म्हणतो. पण प्रकाशामुळे रंगांचं होणारं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नकल गेली तर पुन्हा करता येते, कारण मूळ चित्र भिंतीवर आहे. ते गेलं तर कुठल्याच आयएसओला काही दिसणार नाही.

तेव्हा पुढच्या ट्रिपला लेण्यात शिरण्यापूर्वी दोन कामं करा: फ्लॅश बंद आणि आयएसओ ३२००. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा!